‘शारदा’ची तालीम सुरू होण्याआधी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राने आम्हाला विचारलं, ‘नाटकाच्या तालमींबद्दल इतिहासाच्या व्याख्यानमालेत काय सांगणार?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही दोघं इतिहास शिकवतो, आणि बरीच वर्षं महाविद्यालयातल्या मुलांना नाटक बसवायला मदत करतो. मदत हा शब्द जरा मोठाच झाला. पहिली काही वर्षं आमचं काम एवढंच असायचं, की शेवटच्या आठवड्यात जायचं आणि पगडी सरळ आहे का, नऊवारीचा काष्टा नीट बसलाय का, ते बघायचं. त्याला सगळे ‘ऐतिहासिक मार्गदर्शन’ म्हणायचे. आम्हीही म्हणायचो. तेव्हा सुरुवात आमच्याच फजितीपासून करू.

एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मुलांनी ‘संगीत शारदा’मधले दोन प्रवेश घेतले होते. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. पंच्याहत्तर वर्षांचा श्रीमंत भुजंगनाथ, त्याच्यासाठी मुलगी शोधणारा भद्रेश्वर दीक्षित, पैशाला भुललेला बाप कांचनभट, मुलीसाठी तळमळणारी आई इंदिराकाकू, आणि ती मुलगी, शारदा. गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. निदान गाणी तरी ठाऊक आहेत.

भुजंगनाथाच्या प्रवेशाला सभागृह हसून लोटपोट झालं. ते ठीकच होतं, देवलांना तिथे हशा हवाच आहे. गडबड पुढे झाली. आई आणि मुलगी एकमेकींशी बोलतात तो प्रवेश आला, आणि लोक हसतच राहिले. प्रेक्षकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. इंदिराकाकू झालेली मुलगी मालिकेतल्या आईसारखी हातवारे करून नवऱ्याला झापत होती, आणि शारदा पाय आपटत होती. सिनेमाला जायची परवानगी नाकारल्यावर पाय आपटतात ना, अगदी तसे. नऊवारी मात्र अचूक होती.

प्रयोग संपल्यावर एक वयस्कर बाई रंगपटात आल्या. शारदेचं काम केलेल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘छान केलंस गं. माझ्या आजीचं असंच लग्न झालं होतं. ती मेल्यावर आम्हाला कळलं, की तिने लग्नातलं काहीच कधी कुणाला सांगितलं नव्हतं.’ एवढं बोलून त्या गेल्या. ती मुलगी आमच्याकडे आली. ‘मॅडम, मला हे कुणी सांगितलंच नाही.’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तिला पदर कुठल्या खांद्यावरून घ्यायचा ते सांगितलं होतं.

त्या दिवसापासून आम्ही एक हट्ट धरला. नाटक जुन्या काळातलं असेल, तर पहिल्या तालमीच्या आधी वाचन. तालमी चालू असताना नाही, आणि वेशभूषेच्या दिवशी तर नाहीच. आज जे सांगणार आहोत ते या हट्टाचं समर्थन म्हणा.

‘शारदा’चंच उदाहरण पुढे नेऊ. पुढच्या खेपेला दुसऱ्या मुलांबरोबर हे नाटक वाचायला बसलो. पहिलं वाचन झाल्यावर मुलांना विचारलं, ‘या लग्नात पैसा कोण कुणाला देतो?’ बाराजणांपैकी नऊजण म्हणाले, मुलीचा बाप हुंडा देतो. संहिता समोर उघडी होती, नुकतीच वाचून झाली होती, तरी हे उत्तर! कारण आजच्या मुलांच्या डोक्यात लग्न आणि पैसा म्हटलं की हुंडाच येतो, आणि तो मुलीकडून मुलाकडेच जातो. नाटकात बरोबर उलटं आहे. म्हातारा नवरदेव पैसे मोजणार आणि बाप ते घेणार. याला आपल्याकडे कन्याविक्रय म्हणत. धर्मशास्त्राने विवाहाचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांत पैसे घेऊन मुलगी देण्याला आसुर विवाह म्हटलंय, आणि ब्राह्मणाला तो निंद्य मानलाय. म्हणजे कांचनभट नुसता लोभी नाही, तो स्वतःच्याच शास्त्राला तोंड लपवणारा माणूस आहे. भिक्षुकी करणारा माणूस, आणि शास्त्रात हे काय म्हटलंय ते त्याला पक्कं माहीत आहे.

आता बघा, कांचनभटाचं काम करणाऱ्या मुलाला हे कळलं की काय होतं. आधी तो खलनायकासारखा डोळे वटारून बोलत होता. आता त्याला लपवायला काहीतरी मिळालं. पैशाची गोष्ट निघाली की हा माणूस आवाज चढवणार की उतरवणार? त्या मुलाने आवाज उतरवला, आणि पंचा खांद्यावर पुन्हा पुन्हा सारखा करू लागला. आम्ही काही सुचवलं नव्हतं.

दुसरा प्रश्न भीतीचा. ‘शारदा कशाला घाबरते?’ असं विचारलं की मुलं म्हणतात, म्हाताऱ्याला. किळस, शिसारी, असे शब्द येतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. १८९९ सालच्या प्रेक्षकांतल्या बाईला त्या लग्नाच्या पुढचं दिसत होतं. नवरा पंच्याहत्तर वर्षांचा. म्हणजे पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, ही मुलगी विधवा. मग केशवपन, लाल आलवण, एकवेळ जेवण, सणावाराला आडोशाला बसणं, आणि हे सगळं पुढची चाळीस-पन्नास वर्षं. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण कागदावर. ब्राह्मण घरात असा विवाह करणं म्हणजे वाळीत पडणं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई स्वतः बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. त्या लग्नानंतर कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ‘शारदा’ रंगभूमीवर आलं तेव्हा ही घटना सहा वर्षांपूर्वीची होती. नाटकातला कोदंड तरुण आहे, सुधारकी बोलतो. त्याचं काम करणारा आमचा विद्यार्थी सिनेमातल्या नायकासारखा छाती काढून उभा राहायचा. कर्व्यांची हकिकत वाचल्यावर त्याने विचारलं, ‘म्हणजे हे बोलताना त्याला स्वतःचीही भीती वाटत असेल?’ वाटत असणारच. आईवडील, भाऊबहीण, सगळ्यांचं जेवणाखाण्याचं, येण्याजाण्याचं नातं त्या बोलण्यावर टांगलेलं होतं.

केशवपनाबद्दल मुलांना वाटत होतं की ही फार जुनी, कुणालाच न खटकणारी रूढी असावी. तसंही नाही. १८९० साली मुंबईत नाभिक मंडळींनी विधवांचे केस काढणार नाही असा ठराव केला. नारायण मेघाजी लोखंड्यांचा त्यात पुढाकार होता. त्याच साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं, आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. यमूची ती कहाणी घराघरांत वाचली गेली. म्हणजे ‘शारदा’चा पहिला प्रेक्षक कोऱ्या मनाने आला नव्हता. मालिकेच्या आधीच्या भागांसारखं सगळं त्याला माहीत होतं. आपल्या प्रेक्षकाला ते माहीत नसतं, म्हणून ते नटाला माहीत असायला हवं. नाहीतर मग ते सभागृहात कुणालाच माहीत नाही, आणि नुसती संहिता एकटी बोलत बसते.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

एका मुलीने विचारलं, ‘सर, हे लोक पोलिसांत का जात नाहीत?’ काहीजण हसले. आम्हाला हा त्या आठवड्यातला सगळ्यांत चांगला प्रश्न वाटला. उत्तर असं, की वयाच्या मुद्द्यावर फौजदाराला काहीच करता येत नव्हतं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत मुलीच्या संमतीचं वय दहा होतं. ते बारा करण्याचा कायदा १८९१ साली झाला. त्या आधी वर्षभर सगळा देश या एका प्रश्नावर भांडत होता. बंगालमध्ये फुलमणी नावाची लहान मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली, त्याने वातावरण पेटलेलं. पुण्यात एका बाजूला सुधारक, दुसऱ्या बाजूला टिळक. टिळकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की सुधारणा समाजाने करावी, परक्या सरकारने कायदा करून आमच्या धर्मात हात घालू नये. कायदा झाला, पण तो संमतीच्या वयाचा. लग्नाच्या वयाचा नाही. दहा वर्षांच्या मुलीचं पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाशी लग्न लावलं तर १८९९ साली तो गुन्हाच नव्हता.

मुलीच्या नकाराला कोर्टात काय किंमत होती, तेही नुकतंच दिसलं होतं. मुंबईच्या रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ साली खटला उभा राहिला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, मग अपील झालं, आणि १८८७ साली कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी तडजोडीत नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, आणि रखमाबाई डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. मुलांना ही हकिकत सांगितली तेव्हा खोली शांत झाली.

आता नाटकाच्या शेवटाकडे या. भुजंगनाथ आणि शारदा सगोत्र निघतात, लग्नविधी मोडतो, शारदा जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो. आणि मग प्रश्न उरतो, बोहल्यावर उभ्या राहिलेल्या या मुलीचं लग्न झालं की नाही? तिला कोदंडाशी लग्न करता येईल का? हा गुंता सुटतो शंकराचार्यांच्या निर्णयाने. आमच्या मुलांना हे कापायचं होतं. ‘शंकराचार्य कुठून आले मध्येच? एवढं धाडसी नाटक, आणि शेवटी स्वामींच्या पाया पडायचं?’ दिग्दर्शक विद्यार्थ्याने तर त्या पानांवर लाल रेघ मारूनही ठेवली होती.

आम्ही त्याला दोन दिवस थांबायला सांगितलं आणि पंचहौद मिशनचं प्रकरण वाचायला दिलं. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांना चहा दिला गेला. हजर असलेल्यांत टिळक होते, रानडेही होते. मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतला, की समोर आला म्हणून घेतला, की नुसता हातात धरला, यावर गावभर चर्चा. नावं वर्तमानपत्रात आली. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, त्यांच्याकडून चौकशी बसली, आणि अखेर टिळक आणि रानडे या दोघांनीही प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टात न्यायमूर्ती होणारे रानडे, एका कपभर चहासाठी. म्हणजे शंकराचार्यांचा निर्णय हा देवलांनी आभाळातून सोडलेला चमत्कार नव्हता. ती चालू संस्था होती, लोक तिच्याकडे अर्ज करत होते, तिच्या निकालाने माणसं जातीत राहत होती किंवा जातीबाहेर पडत होती.

आणि १८९१ चं भांडण हेच होतं ना, की ठरवायचं कुणी? सरकारने की धर्मपीठाने? देवल त्यावर व्याख्यान देत नाहीत. ते मुलीला सोडवतात, आणि सोडवायचं काम धर्मपीठाकडूनच करून घेतात. कायद्याला विरोध करणाऱ्या प्रेक्षकालाही मग बोलायला जागा राहत नाही. हा आमचा अर्थ आहे, दुसऱ्या कुणी वेगळा लावला तर आम्ही भांडणार नाही. पण लाल रेघ मारण्याआधी हे माहीत हवं, याबद्दल मात्र भांडू. आता सगोत्राचंच घ्या. आज शहरातल्या मुलाला गोत्र विचारलं तर तो आईला फोन लावतो. पण सगोत्र विवाह कायद्याने मान्य झाले ते १९४६ साली. त्या आधी हा शब्द भर मांडवात उच्चारणं म्हणजे बॉम्ब टाकणं होतं. तो शब्द नट सहज बोलून गेला, तर सगळा अंक हातातून निसटतो.

दिग्दर्शकाने रेघ खोडली. पण शंकराचार्यांचा भाग त्याने थोडा आटोपता केलाच. आम्हाला तो निर्णय अजून पटलेला नाही, असो.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं दिग्दर्शकाने वाचावं आणि नटांना चार वाक्यांत सांगावं. आणि तेही तालमी चालू असताना सांगितलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. नटाच्या शरीराला सवय फार लवकर लागते. दहा दिवस शारदेने पाय आपटला, की अकराव्या दिवशी तिला फुलमणीची गोष्ट सांगा नाहीतर रखमाबाईंची, ती रडेल, आणि प्रवेशात पाय आपटेल. ते पायात बसलेलं असतं. वाक्याचा चढउतार, समोरच्याकडे बघायची वेळ, हात कुठे ठेवायचे, हे पहिल्या काही दिवसांतच ठरून जातं. म्हणून आधी. मॉस्को आर्ट थिएटरची नटमंडळी १९०२ साली गॉर्कीचं ‘लोअर डेप्थ्स’ बसवायच्या वेळी शहरातल्या खित्रोव बाजारात, भणंगांच्या गुत्त्यांत आणि झोपायच्या जागांत जाऊन बसली होती. त्यांना निदान जाता आलं. १८९९ ची पुणेरी माजघरं बघायला आपण कुठे जाणार?

तर पुस्तकांत. आणि इथे आपलं नशीब चांगलं आहे. त्या माजघरांतल्या बायकांनी लिहून ठेवलंय. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, आणि ज्यांचा मघाशी उल्लेख केला त्या गोदूबाईंचं, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांचं, ‘माझे पुराण’. नटाला संदर्भग्रंथापेक्षा ही पुस्तकं जास्त देतात. सासऱ्यासमोर बसायचं कसं, कुणाचं नाव घ्यायचं नाही, पुरुषांच्या बैठकीतलं बोलणं दारामागून कसं ऐकायचं, हे सगळं त्यांत आहे. रमाबाईंचं लग्न १८७३ साली झालं, अकराव्या वर्षी. नवरा एकतीस-बत्तीस वर्षांचा, बिजवर, आणि नाव महादेव गोविंद रानडे. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, वडिलांच्या आग्रहापुढे नमला आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून बसला. हे वाचल्यावर इंदिराकाकू झालेली आमची विद्यार्थिनी म्हणाली, ‘रानड्यांना बापाला नाही म्हणता आलं नाही, तर ही बाई नवऱ्याला काय म्हणणार?’ त्यानंतर तिचे हातवारे बंद झाले. ती प्रवेशभर हात पदराखालीच ठेवू लागली.

सगळ्याच नाटकांत काळ असा उघड बोलत नाही. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ चं. नुसतं वाचलं तर महाभारतातली गोष्ट. कीचकात कर्झन बघणारा प्रेक्षक डोळ्यांसमोर नसेल, तर १९१० साली सरकारने त्यावर बंदी का घातली ते कळायचंच नाही. ‘शारदा’ तरी आपली तक्रार मोठ्याने सांगतं.

एक इशाराही द्यायला हवा. शोध म्हणजे सापडेल ते चिकटवणं नव्हे. एका मुलाने फार उत्साहाने माहिती आणली, की या नाटकाचा एवढा परिणाम झाला की सरकारने बालविवाहाविरुद्ध ‘शारदा कायदा’ केला. हे मराठी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं, आमच्याही घरी सांगत. तो कायदा १९२९ चा, नाटकानंतर तीस वर्षांनी, आणि त्याला नाव मिळालं ते अजमेरच्या हरबिलास सारडांवरून. सारडांचा आपण शारदा केला. मुलगा हिरमुसला, त्याने स्मरणिकेसाठी तसा मजकूरही लिहून ठेवला होता. आम्ही त्याला म्हटलं, कायद्याचा मजकूर काढ, पण सारडांचं शारदा कसं झालं ते ठेव. लोकांना ते नातं असावंसं वाटलं, हीसुद्धा या नाटकाबद्दलची एक खरी माहितीच आहे.

आणखी एक प्रश्न आमच्या मुलींनी काढला, त्याचं पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही. देवलांनी शारदा लिहिली ती मुलग्यासाठी. किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका पुरुषच करत, पुढे बालगंधर्वांनीही शारदा केली. म्हणजे एका मुलीची भीती एका मुलाच्या अंगावर बेतलेली. आज मुलगी ती भूमिका करते तेव्हा तिने काय ठेवायचं आणि काय टाकायचं? लाजण्यामुरडण्याच्या काही लकबी त्या परंपरेतून आलेल्या, त्या आमच्या शारदेने टाकल्या. गाण्यांना मात्र हात लावला नाही.

त्या खेपेला वाचनात सहा संध्याकाळी गेल्या, तालमी साडेतीन आठवडे झाल्या. मुलं कुरकुरली, कारण दुसऱ्या महाविद्यालयाचं नाटक तोवर उभं राहिलं होतं. प्रयोगाच्या दिवशी भुजंगनाथाच्या प्रवेशाला हशा तसाच आला, थोडा जास्तच. मग आई आणि मुलीचा प्रवेश सुरू झाला. पहिल्या दोन वाक्यांना मागच्या रांगेतून कुणीतरी एकटाच हसला. शारदा थांबली. तिने त्याचं हसू संपू दिलं, आईकडे बघितलं, आणि मग पुढचं वाक्य घेतलं.